दहा दिवस कात्री बंद

काचेचा ग्लास धुताना फुटला, एवढंच झालं होतं. मास्तरांनी नेहमीसारखा हात आत घालून गरकन फिरवला. ग्लास आधीच कुठेतरी तडकलेला असणार. त्याची कड उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चांगली खोल गेली. चाळीस वर्षं कात्री चालवून ज्याच्या बोटाला ओरखडा आला नाही, त्या शिंप्याला चहाच्या ग्लासाने कापावं, याचा मास्तरांना दुखण्यापेक्षा जास्त राग आला.

रविवार असूनही दवाखाना उघडा होता. डॉक्टरांनी चार टाके घातले. मास्तर मान तिरकी करून बघत होते. शेवटची गाठ पडली तसे ते म्हणाले, "टाके जरा लांब लांब पडलेत."

"मी पँट शिवत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"पँट अशी शिवली असती तर गिऱ्हाईक परत आलं असतं."

"तुम्हीही परत यायचंय. दहा दिवसांनी. तोवर हात भिजवायचा नाही, काही उचलायचं नाही आणि कात्रीला तर शिवायचंसुद्धा नाही. उसवलं तर पुन्हा घालीन, आणि तेव्हा याहून लांब घालीन."

उजवा हात बंद पडला म्हणजे डावा आजवर नुसता बसून खात होता हे कळतं. मास्तरांच्या डाव्या हाताला काही म्हणता काही येत नव्हतं. पेस्टचं झाकण उघडेना. दातांत धरून उघडलं तर पेस्ट बंडीवर. दाढी एका गालाची झाली, दुसऱ्या गालाशी वस्तरा उलटा यायला लागला, म्हणून तो गाल तसाच राहिला. शर्टाची बटणं लागेनात. इतकी घट्ट काजं कुठल्या गाढवाने केली म्हणून ते चिडले आणि मग त्यांना आठवलं की शर्ट त्यांनीच शिवला होता.

सून चहा घेऊन आली. तिने बघितलं आणि विचारलं, "लावून देऊ का?"

"मी काय लहान आहे?"

ती चहा ठेवून गेली. तिची एक खोड होती, कुठलीही गोष्ट ती एकदाच विचारायची. बायको असती तर तिने विचारलंच नसतं. 'हलू नका हो जरा' म्हणत बटणं लावून मोकळी झाली असती. मुळात ग्लासच तिने धुतला असता. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. हे एवढं मनात येईपर्यंत मास्तरांचं वरचं एक बटण लागलं. खालची तशीच सोडून ते दुकानात गेले. दुकान घरालाच लागून होतं, पुढे दुकान, मागे दोन खोल्या. घरात माणसं दोन, मास्तर आणि सून. मुलगा लांबच्या मालाचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा, आणि त्यातले दोन झोपायचा.

दुकानात निराळाच ताप. येईल तो विचारी, "हाताला काय झालं?" पहिल्या पाच-सहा जणांना मास्तरांनी ग्लासाची गोष्ट नीट सांगितली. प्रत्येकाला त्यावर एक प्रश्न असायचा आणि एक उपाय. ग्लास पातळ होता का? हात आत कशाला घालायचा? मध लावा. मध अजिबात लावू नका. बर्फ लावा. एकाने तर स्वतःच्या मेव्हण्याची हकिगत उभ्याउभ्या पाऊण तास सांगितली आणि तिच्यात शेवटी कळलं की मेव्हण्याचा पाय मोडला होता. दुपारपर्यंत मास्तरांचा जीव मेटाकुटीला आला. मग ते कुणाला म्हणत कुत्रा चावला, कुणाला म्हणत दारात सापडला. संध्याकाळी दूधवाल्याला ते म्हणाले की जन्मापासूनच असा आहे. दूधवाला म्हणाला, "अच्छा," आणि दूध घालून गेला.

पण हे सगळं वरवरचं. खरी काळजी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

सून लग्न होऊन आली तेव्हा दोन वर्षांचा शिवणक्लास करून आलेली होती. सहा वर्षं ती दुकानात मशीनवर बसत होती. सरळ टीप, काजं, बटणं, तुरपाई, सगळं तिच्याकडे. कापड बेतायचं आणि कापायचं मात्र मास्तरांनी. तिने पहिल्या वर्षी एकदा कापायला मागितलं होतं. क्लासमध्ये कागद कापतात, कापड नाही, असं म्हणून मास्तरांनी विषय संपवला होता. आता पंधरा दिवसांपूर्वी तिने जेवताना शांतपणे सांगितलं, की स्टेशनापलीकडच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला कटरच्या जागेवर घेतायत. महिनाअखेरीला, शुक्रवारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मास्तर म्हणाले, "बघू." तिने ते पुन्हा काढलं नाही. मास्तरांनीही नाही. पण ती गेली तर दुकान चालणार नाही हे त्यांना लख्ख दिसत होतं. मशीनवर दुसरं माणूस बसवता आलं असतं. पण संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर ज्याच्याशी भांडावं असं माणूस मिळालं नसतं.

आणि नेमका सोमवारी पोस्टातल्या साहेबांचा कोट आला.

साहेब त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. निरोपाच्या समारंभात भाषण होतं, मग भिंतीवर लावायला फोटो. त्यांच्या भावाने कितीतरी वर्षांपूर्वी परदेशातून आणलेलं करड्या रंगाचं कापड ते घेऊन आले होते. कापड असं की बोटांनी नुसतं धरलं तरी मास्तर खूश झाले. पण नेमकं होतं, वीतभरही जास्त नाही. साहेब बजावून म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. तुमचाच हात हवा."

मास्तरांनी बांधलेला हात वर करून दाखवला. साहेबांनी विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले, पेटीत सापडला. तुमच्याच पोस्टाच्या.

मापं घ्यायची मास्तरांची एक रीत होती. ते टेप लावून आकडा बोलत आणि बायको तो मोठ्याने परत बोलून मग वहीत उतरवी. तिचा आवाज आल्याशिवाय टेप पुढे सरकत नसे. "छाती एक्केचाळीस." "एक्केचाळीस." "कंबर अडतीस." "अडतीस, मागच्या वेळी छत्तीस होती." गिऱ्हाइकाला ओशाळं करायचं काम तिचं. वहीच्या अर्ध्यापर्यंत तिचं अक्षर होतं, पुढे मास्तरांचं. ती गेल्यापासून ते स्वतःच बोलत आणि स्वतःच लिहीत. सून मशीनवर असायची. तिला सांगता आलं असतं. पण वही दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा विचार मनात आला, की ते दुसरंच काहीतरी काम काढत.

त्या सोमवारी ते डाव्या हाताने लिहायला बसले. पेन्सिल बोटांतून निसटत होती. आकडे पहिलीतल्या पोराने काढावेत तसे येत होते, एक या ओळीत तर एक त्या ओळीत. साहेब घड्याळ बघत होते. मास्तरांनी शेवटचा आकडा कसाबसा ओढला आणि वही मिटली.

मंगळवारी सकाळी कापड टेबलावर पसरलं. मास्तरांनी कात्री उचलून बघितली. अंगठा कडीत जाईचना. पट्टीमुळे तो मुसळाएवढा झाला होता. डाव्या हाताने धरली तर पाती एकमेकांवर बसेनात, कापड नुसतं चावलं जायला लागलं. ते कात्रीवर चिडले, डॉक्टरवर चिडले, ग्लास करणाऱ्या कारखान्यावर चिडले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तूच काप."

सून उठली. ती एकदम खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसता पदर खोचला, खडू घेतला आणि वही उघडली. बराच वेळ ती वहीत बघत राहिली.

"बाबा, बाही चार आहे का पाच? चोवीस की पंचवीस?"

त्याच वेळी दारात शेजारचा चष्मेवाला उभा राहून विचारत होता की हाताला काय झालं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वहीकडे न बघताच ते म्हणाले, "लिहिलंय तेच काप. आकडे वाचता येत नाहीत तर क्लासात काय केलं?"

तिने एकदाच विचारलं होतं. तिने कापलं.

कापलं मात्र सुरेख. मास्तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून चूक काढायला टपले होते, पण कात्री एकदा आत शिरली ती थेट वळणापर्यंत न थांबता गेली. खांद्याचा गोल तर त्यांच्याहून नितळ निघाला. त्यांनी घसा खाकरला आणि डाव्या हाताने टेबलावरच्या चिंध्या गोळा केल्या.

गुरुवारी साहेब कच्च्या कोटाच्या ट्रायलला आले. कोट पाठीवर बसला, खांद्यावर बसला. साहेबांनी आरशासमोर भाषणाचा हात वर केला आणि बाही मनगटाच्या वर जाऊन थांबली. हात खाली केला तरी ती वरच. शर्टाचा कफ चांगला इंचभर बाहेर.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मी वाढलो की काय?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कच्चं आहे, होईल, सोमवारी या, असं काहीबाही सांगून त्यांनी साहेबांना वाटेला लावलं आणि दार ओढून घेतलं. मग टेप लावला. बाही चोवीस. त्यांनी वही सुनेच्या पुढ्यात आपटली. "हा पाच आहे."

सुनेने वही फिरवून त्यांच्याकडे केली. मास्तरांनी बघितलं. डाव्या हाताने काढलेल्या त्या आकड्याला खाली शेपूट होतं खरं, पण वर दोन शिंगंही होती. तो चार होता असं कुणी शपथेवर सांगितलं असतं. पाच होता असंही.

"पाच आहे तो," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"आज पाच झाला. मंगळवारी मी विचारलं तेव्हा तो 'लिहिलंय तेच' होता."

ते स्टुलावर बसले. कापड दुसरं मिळणार नव्हतं. बायको असती तर पंचवीस म्हटल्याबरोबर पंचवीस परत आलं असतं आणि हा सगळा तमाशा झालाच नसता. हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही, पण सुनेला ते ऐकू गेलं असावं. ती जरा नरमली. बाही उलटी करून तिने आत दुमडलेला मोड मोजला. दीड इंच होता.

"सगळा उलगडला तर?" तिने विचारलं.

"नुसतं उलगडून भागणार नाही, मग कड आत दुमडायला काही उरत नाही. आतून पट्टी लावायला लागेल. अस्तराच्या कापडाची. आणि कडेचा टाका बाहेर दिसला तर मेलो."

"दाखवा कशी."

इथे खरे नाकी नऊ आले. हे काम मास्तरांनी शंभर वेळा केलं होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळं त्यांच्या बोटांत होतं, तोंडात काहीच नव्हतं. "असं घे. असं नाही, असं." बांधलेला हात ते हवेत फिरवत आणि सुनेला त्यातून एक पांढरं गाठोडं इकडून तिकडे जाताना दिसे. "जरा मारून घे." म्हणजे काय? "अगं, मारून म्हणजे, दाबून नाही, ओढून नाही, मारून." तिने एकदा ओढलं, ते चुकलं. एकदा दाबलं, तेही चुकलं. तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, तुम्ही बोलू नका, मी करते, चुकलं की नुसतं खोका. मग शुक्रवार आणि शनिवार दुकानात मशीन बंद होतं आणि मास्तर खोकत होते. चष्मेवाल्याने येऊन विचारलं, आता छातीला काय झालं?

शनिवारी संध्याकाळी तासभर ते खोकले नाहीत. दुसरी बाहीही झाली, तशी सुनेने ती इस्त्री करून त्यांच्यापुढे धरली. मास्तर ती उजेडाकडे नेऊन, चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. टाका सापडेना.

"बरं आहे," ते म्हणाले.

सोमवारी साहेबांनी कोट घातला, हात वर केला, खाली केला, दोन्ही पसरले. बाही जिथे हवी तिथे. ते इतके खूश झाले की आरशासमोरून हलेनात. मग मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात हात. बांधलेला असला तरी मास्तरांचा हात तो मास्तरांचाच."

सून मशीनवर होती. तिचा पाय थांबला. तेवढा एक क्षण होता आणि तो मास्तरांनाही कळला. कापला हिने, सांधला हिने, आकडा माझा चुकला, एवढी तीनच वाक्यं बोलायची होती. त्यांच्या तोंडून निघालं, "हं."

मशीन पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी जेवताना डाळीत मीठ नव्हतं आणि मागितल्यावर मिठाची वाटी जरा जोरात आली. मास्तर स्वतःवरच वैतागले होते. चाळीस वर्षं लोक म्हणतात मास्तरांचा हात, आणि चाळीस वर्षं आपण 'हं' म्हणतो. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की विचार करायच्या आतच निघून जातं.

बुधवारी डॉक्टरांनी टाके काढले. जखम भरली होती. "चला कामाला," डॉक्टर म्हणाले. "टाके लांब असले तरी धरलं की नाही?"

मास्तरांनी वाटेत मूठ उघडून, मिटून बघितली. अंगठा छान वळत होता. आता दुकानात जायचं आणि कात्री उचलायची, इतकं सोपं. टेबलावर चार पँटी पडल्या होत्या. त्या त्यांनी कापल्या की सून मशीनवर, आणि शुक्रवारी बारा वाजता सगळं संपलं. 'तूच कापत जा' असं सरळ सांगावं, तर तोंड उघडेना. सहा वर्षं नाही म्हटलेलं एकदम हो कसं म्हणायचं? ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरले आणि त्यांनी पट्टी विकत घेतली.

घरी येऊन सांगितलं की डॉक्टर म्हणतात अजून आठवडाभर तरी कात्री नको. सुनेने मान हलवली आणि गुरुवारी दोन पँटी कापल्या. मास्तर स्टुलावर बसून पट्टीच्या आत खाजणारा चांगला हात सांभाळत होते. लोक विचारत होते, अजून बरा नाही? त्यांनी दिवसभर नाही, नाही सांगितलं. यापेक्षा खरी जखम परवडली असती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी घाईघाईत पट्टी बांधली. आज ती झटकन बांधली गेली, गाठसुद्धा नीट बसली. दुकान उघडलं, केर काढला, साडेदहापर्यंत तिघांना सांगितलं की बरं आहे, पण ठणकतं अजून. चष्मेवाला दोन मिनिटं पट्टीकडे बघत उभा राहिला आणि काळजी घ्या म्हणून गेला.

सून तिसरी पँट कापत होती. ती थांबली. कात्री तिने टेबलावर ठेवली.

"बाबा, जखम उजव्या हाताला होती."

मास्तरांनी खाली बघितलं. पट्टी डाव्या हाताला होती. बांधायला चांगला हात लागतो, तो मोकळा ठेवून त्यांनी इमानदारीत दुसरा बांधला होता. त्यांनी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, इतकी पक्की बसली होती. सुनेने पुढे होऊन ती कात्रीने कापली.

"कधी बरा झाला?"

"बुधवारी."

"मग हे सोंग कशाला?"

"तू कापत राहावंस म्हणून," मास्तर म्हणाले. एवढं निघाल्यावर बाकीचंही निघालं. "बोलता येत नाही मला. ती होती तेव्हा घरातलं बोलायचं सगळं तिच्याकडे होतं. तू माझ्यापेक्षा चांगलं कापतेस. खांदा तर फारच. तुला टेबल हवं असेल तर घे. तिकडे जायचं तर जा, मी आडवा येत नाही. पण कोट तू कापलास हे मी साहेबांना सांगायला हवं होतं."

सुनेने पट्टीचे तुकडे गोळा केले. "मग सांगा की. पोस्ट काही लांब नाही."

मास्तर तसेच निघाले. वाटेत दूधवाल्याने थांबवून विचारलं, जन्मापासूनचा हात बरा कसा झाला? मास्तर म्हणाले, नंतर सांगतो. पोस्टात ही रांग. साहेब शेवटच्या दिवशी कोट घालूनच खिडकीशी बसले होते. रांगेतल्या लोकांना वाटलं मास्तर मध्येच घुसतायत, त्यांनी आरडाओरडा केला. पुढे जाऊन उपयोग नव्हता. तासभर रांगेत उभं राहून नंबर आला.

"तिकीट?" साहेब मान वर न करता म्हणाले.

"कोट सुनेनं कापलाय."

साहेबांनी मान वर केली. "कुठला कोट?"

"अंगावरचा. कापलाही तिनं आणि बाही सांधलीही तिनंच. मी आकडा चुकीचा लिहिला होता. माझा त्यात एक टाकाही नाही."

मागची रांग माना पुढे काढून ऐकत होती. साहेबांनी आपली बाही अशी बघितली, की जणू ती आत्ता कुणी बदलून नेली. उलटी केली, सुलटी केली, मनगटाशी ओढून बघितली. "मग धाकट्याच्या दोन पँटी द्यायच्यात, त्या कुणाकडे देऊ?"

"तिच्याकडे."

"आणि तुम्ही काय करणार?"

"खोकणार," मास्तर म्हणाले आणि बाहेर पडले.

परत आले तेव्हा सून चौथ्या पँटीवर होती. मास्तरांनी स्टूल ओढलं, बसले, घाम पुसला आणि सांगितलं की सांगितलं, चांगलं वीस माणसांदेखत सांगितलं, आणि पोस्टातल्या लोकांना रांग लावायची अक्कल नाही.

सुनेने नुसतं हं म्हटलं आणि खडूची रेघ पुढे ओढली.

मास्तरांनी पट्टीची उरलेली गुंडाळी खणात टाकली. मग राहवेना. "तिकडे कळवायचं होतं ना तुला? बारापर्यंत?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघताच कात्री उचलली.

"सव्वाबारा वाजून गेलेत," ती म्हणाली. "कंबरेचा आकडा बोला, मला तुमचं अक्षर लागत नाहीये."